जिवाणूत घातलेल्या सगळ्याच जनुकांची अभिव्यक्ती (म्हणजे जनुकावरून प्रथिन बनण्याचं प्रमाण) कमाल का ठेवत नाहीत? संगणकाचा त्यात काय उपयोग?

कमाल ठेवली तर पेशीच दमते. रायबोसोम (पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं) आणि ऊर्जा नको तितक्या प्रथिनांवर खर्च होतात. शिवाय एखादा मधला पदार्थ साचून विषारी ठरतो, ई. कोलाय या जिवाणूत मेव्हॅलोनेट मार्ग (रासायनिक अभिक्रियांची एक साखळी) बसवताना एचएमजी-कोए हा त्यातला मधला पदार्थ साचून वाढ खुंटते, हे गाजलेलं उदाहरण. म्हणून प्रत्येक जनुकाची बेताची पातळी शोधायची. ५ जनुकं, प्रत्येकी १० पातळ्या धरल्या तरी १,००,००० मांडण्या! त्या सगळ्या प्रयोगशाळेत कोण करत बसणार?

२००९ मधला आरबीएस कॅल्क्युलेटर हा संगणक-प्रोग्राम (आरबीएस म्हणजे रायबोसोम बसण्याची जागा) एमआरएनएवर, म्हणजे जनुकाच्या ज्या प्रतीवरून प्रथिन बनतं तिच्यावर, रायबोसोम किती सहज बसेल हे मुक्त ऊर्जेवरून (ते बसणं ऊर्जेच्या दृष्टीनं किती सोपं, याचं माप) काढतो आणि हव्या पातळीसाठी डीएनए क्रम सुचवतो. अंदाज दुप्पट-अडीचपट चुकू शकतो. त्यामुळे मोजक्या रचना प्रत्यक्ष तपासून, त्या आकड्यांवर चयापचयाचं गणिती मॉडेल बसवून पुढची फेरी आखतात.