हुप्पा पैठणीचा, केतुबा कागजीपुऱ्याच्या कागदावर: वाचकांचे प्रश्न

हाताने सजवलेल्या बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठीभाषक ज्यू समाजाच्या लग्नाबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. हुप्पा म्हणजे लग्नाचे कापडी छत, केतुबा म्हणजे ज्यू विवाहकरार.

प्रश्न: मुलगी आमची, मुलगा ठाण्याच्या बेने इस्राएल घरातला. लग्न लातूरला मंगल कार्यालयात आहे. पत्रिका, कापडकाम, सजावट सगळे घरीच करायचे, 'सात' ही संकल्पना धरून. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, लातूर

उत्तर: हज्जानपासून, म्हणजे प्रार्थना आणि विधी चालवणाऱ्यांपासून. कार्यालयाची तारीख त्यांच्याशी बोलल्यावरच पक्की करा. ते बहुधा मुंबई, ठाणे किंवा पुण्याहून येतील आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथमुळे (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) प्रवास करणार नाहीत. म्हणून शनिवारी रात्रीचे लग्न धरले तर त्यांची सोय शुक्रवार दुपारपासून करावी लागते. रविवार संध्याकाळ सोपी. मंगळवारही शुभ मानतात, कारण बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या दिवसाबद्दल 'चांगले आहे' असे दोनदा म्हटले आहे.

आपल्याकडे लग्नांची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत असते, आणि तिथेच अडचण आहे. पेसाह ते शावुओत या सणांमधले ४९ दिवस ओमेरचे. त्यांतले नेमके किती दिवस लग्न टाळायचे यात परंपरांगणिक फरक आहे, तेव्हा ते हज्जानच सांगतील. पुढे हिब्रू पंचांगातल्या तम्मुझ महिन्याच्या १७ पासून आव महिन्याच्या ९ पर्यंतचे तीन आठवडेही लग्नाचे नाहीत. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ दोन्ही बाजूंनी मोकळा, शिवाय उन्हाचा त्रास नाही.

दुसरी गोष्ट मिनयानची. शेवा ब्राखोत, म्हणजे सात आशीर्वाद म्हणायला दहा प्रौढ ज्यू पुरुष हजर लागतात. ठाण्यात हा प्रश्न पडत नाही, लातुरात पडतो. वऱ्हाडाची यादी करताना ही दहा नावे वेगळी काढा आणि दोन जास्तीची धरा. रेल्वे उशिरा आली म्हणून आशीर्वाद खोळंबायला नकोत.

'सात' ही संकल्पना चांगली आहे, कारण ती विधीतूनच येते. तिला जोड द्या इस्राएलच्या भूमीच्या सात पिकांची (बायबल, अनुवाद ८:८): गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, खजूर. गहू, द्राक्षे आणि डाळिंब आपल्या रानातले आहेत. अंजीर, खजूर, जव बाजारात मिळतात. ऑलिव्हची फांदी मिळणार नाही. प्लास्टिकची आणण्यापेक्षा ती कापडावर भरतकामात घ्या. ताजी डाळिंबे तोरणात ओवू नका, पाव किलोचे एक फळ दोऱ्याला संध्याकाळपर्यंत ओढून खाली आणते. ती परातीत मांडा. गव्हाच्या ओंब्या हिरवट असतानाच कापून, उलट्या टांगून सावलीत वाळवाव्या लागतात. पूर्ण पिकल्यावर कापल्या तर दाणे झडतात. म्हणजे डिसेंबरच्या लग्नाच्या ओंब्या मागच्या फेब्रुवारीतच धरून ठेवायच्या, कडुनिंबाच्या पाल्यासह, नाहीतर सोंडे होतात.

वधूने वराभोवती सात फेरे घ्यायची पद्धत मात्र पूर्व युरोपातल्या ज्यूंची. बेने इस्राएलची ती नाही. समाजमाध्यमांवर जे दिसते ते सगळे आपले नसते. आपली मेंदी, आपला मलिदा, वधूची पांढरी साडी आणि हिरवा चुडा आहेच, आधी तेच मनापासून करा.

प्रश्न: आजीची जुनी पैठणी आणि घरातली हिमरू शाल वापरून हुप्पा करायचा आहे. साडी कापायची नाही. मापे आणि पद्धत सांगाल?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: कापू नकाच. हुप्पा म्हणजे चार खांबांवरचे कापडी छत, चारी बाजू उघड्या. नवरानवरी, दोघांचे आईवडील आणि हज्जान त्याखाली मावायला २ × २ मीटर लागते. खालून उंची किमान २.२ मीटर ठेवा, नाहीतर फेट्याचा तुरा छताला लागतो. (फेटा असला की डोके झाकलेलेच असते, वेगळी किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी, लागत नाही.)

ताण कधीही पैठणीवर येऊ द्यायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचे. ताण घेणारे कापड वेगळे: मांजरपाट. तो आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करा. खळ निघते तेव्हा मीटरमागे पाच-सहा सेंटीमीटर सहज आटतो. दोन पन्हे जोडून २ × २ मीटरचा चौकोन शिवा, कडेला ५ सेंटीमीटरची दुहेरी पट्टी. चारही कोपऱ्यांना १५ सेंटीमीटरचे त्रिकोणी ठिगळ दुहेरी लावून मग पितळी रिंगा बसवा. हुप्पा फाटतो तो कोपऱ्यातच, आणि ठिगळ नसले तर फाटतोच. वरच्या अंगाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अडीच सेंटीमीटर रुंदीची सुती नाडपट्टी फुलीसारखी शिवा, प्रत्येकी सुमारे २.८ मीटर. तिच्यामुळे छताला मधोमध झोळ येत नाही.

आता साडी. हुप्प्याखाली उभी असलेली माणसे छताची खालची बाजू पाहतात, म्हणून नक्षी खाली तोंड करून लावायची. अस्सल हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, कारण तिचे रंगीत बाणे हाताने एकमेकांत अडकवलेले असतात. हिमरूचे तसे नाही. तिच्या मागच्या अंगाला जादा बाण्याचे सुटे धागे लोंबत असतात. ती उलटी लागली तर सगळ्यांना धागेच दिसतील.

पैठणीचा पन्हा साधारण १.१५ मीटर. ती मधोमध पुढून मागे लावा, पदर पुढच्या बाजूला. दोन्ही कडांना उरणाऱ्या सुमारे ४२ सेंटीमीटरच्या पट्ट्यांवर हिमरू दुमडून बसवा. दोन मीटरच्या पुढे उरलेली साडी मागच्या कडेवरून वळवून मांजरपाटाच्या वर न्या आणि तिथे सैल पसरा. वळणात सुती कापडाची अंगठ्याएवढी जाड गुंडाळी ठेवा. जुन्या रेशमाला धारदार घडी पडली की ते तिथेच चिरते, आणि जरीच्या भागात आधी. टाके हातानेच घाला: बारीक सुई, सुती दोरा, दर १५ सेंटीमीटरवर एक सैल टाका, सुई धाग्यांच्या मधून जाईल अशी. टाचण्या ठेवून देऊ नका, दमट हवेत गंज उतरतो आणि तो डाग निघत नाही. गोंद, फेविकॉल अजिबात नको. लग्नानंतर टाके उसवले की साडी जशीच्या तशी परत मिळाली पाहिजे.

खांबांना चार सेंटीमीटर जाडीचे सरळ बांबू घ्या. चार जण धरणार असतील तर २.४ मीटर पुरे. जमिनीवर उभे करायचे तर २.६ मीटर घ्या आणि खालचा भाग वाळूत रोवा. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत दाबून भरलेली वाळू तीस किलोच्या आसपास होते, सभागृहात तेवढे वजन पुरते. लॉनवर पुरत नाही. तिथे प्रत्येक खांबाच्या डोक्यापासून बाहेरच्या बाजूला दोन ताणदोऱ्या आणि खुंट्या हव्यात, आणि दोऱ्यांना झेंडूच्या माळा गुंडाळाव्यात म्हणजे पाहुणे अडखळत नाहीत. आदल्या दिवशी पूर्ण उभा करून अर्धा तास तसाच ठेवा. कोपरे सैल पडतात ते त्याच वेळी कळते.

हिमरूच्या वेगळ्या कापडातून किप्पा होतात. एकीला चार पाकळ्या, प्रत्येक तळाशी साडेतेरा आणि उभी साडेनऊ सेंटीमीटर, शिवण धरून. कापण्याआधी मागून फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवा, नाहीतर कात्री लागताच कडा उसवतात. ११० सेंटीमीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडात सुमारे वीस होतात.

प्रश्न: केतुबा कागजीपुऱ्याच्या हातकागदावर करायची आहे. छापखान्याने नमुना दिला, पण हज्जान म्हणाले की अक्षरे उलटी आली आहेत. काय करावे?
– एक वाचक, जालना

उत्तर: चूक कागदाची नाही, संगणकाची आहे. केतुबेचा मजकूर अरामी भाषेत, हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे जातो. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपी केंद्रांवरची जुनी सॉफ्टवेअर हा मजकूर चिकटवताच ओळ उलटी फिरवतात. छापणाऱ्याला लिपी येत नसल्याने ते त्याच्या लक्षात येत नाही. मजकूर टाइप करून घेऊच नका. हज्जानकडून पीडीएफ घ्या आणि ती चित्र म्हणूनच पानात बसवा. नमुना पुन्हा त्यांनाच दाखवा. 'दालेत' आणि 'रेश', तसेच 'हे' आणि 'खेत' ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की बारीक छपाईत एकाचे दुसरे होते. नावे, गाव आणि हिब्रू तारीख हज्जानच भरतील, तेवढ्या जागा कोऱ्या सोडा.

दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याचा कागद सुती चिंध्यांचा, टिकाऊ. घेताना 'लिहायचा, खळ दिलेला' असे स्पष्ट सांगा. कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकून मिनिटभर थांबा. थेंबाला पाय फुटले तर तो कागद पत्रिकेच्या पाकिटाला ठीक, केतुबेला नाही. जाड हातकागद लेझर प्रिंटरमध्ये अडकतो आणि खडबडीत अंगावर टोनर नीट बसत नाही. मजकूर स्क्रीन प्रिंटिंगने घ्या, वेलबुट्टी हाताने रंगवा. ४० × ५५ सेंटीमीटर माप छान दिसते. मराठी भाषांतर हवे तर खाली वेगळ्या चौकटीत द्या.

दोन साक्षीदारांच्या सह्यांना चार-चार सेंटीमीटर जागा ठेवा. साक्षीदार वधूवरांचे किंवा एकमेकांचे नातेवाईक नकोत, हे आधी ठरवा. ऐनवेळी मामाला पुढे करतात आणि हज्जान थांबवतात. सहीला पाण्याने न पसरणारी पिगमेंट शाई वापरा, जेल पेन नको.

पत्रिकेवर किंवा कागदी रुमालांवर हिब्रूत देवाचे नाव छापू नका. तो कागद टाकता येत नाही, आणि लग्नघरी सगळ्यात आधी टाकला जातो तो कागदच.

प्रश्न: मुलगी ज्यू, मुलगा मराठा. दोघांनाही धर्म बदलायचा नाही. हुप्पा आणि सप्तपदी दोन्ही केले तर लग्न कायदेशीर होईल का? काच फोडायची पद्धतही ठेवायची आहे.
– एक वाचक, परभणी

उत्तर: दोन्ही केल्याने कायदेशीर होत नाही. हिंदू विवाह कायद्याला (१९५५) दोघेही हिंदू लागतात, आणि अशा लग्नाला हज्जान सहसा येत नाहीत. तुमचा मार्ग विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. हरकतीसाठी तीस दिवस जातात आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती रद्द होते. समारंभाआधी दोन महिने नोटीस दिली की नीट बसते. तीन साक्षीदार लागतात. जादा शुल्क भरून अधिकारी वाजवी अंतरावरच्या कार्यालयातही येऊ शकतात.

पारंपरिक केतुबेचा मजकूर मात्र वापरू नका, तो ज्यू वधूवरांमधला करार आहे. दोघांनी मिळून मराठीत संकल्पपत्र लिहा. सात आशीर्वादांचे मराठी भाषांतर सात नातेवाइकांनी वाचावे. हे प्रामाणिक आहे आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना समजते.

काचेबद्दल: जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची ती आठवण आहे. पाण्याचा पातळ काचेचा पेला घ्या. चहाचा जाड ग्लास पायाखाली घसरतो. तिपदरी कापडाची २० × २५ सेंटीमीटरची नाडी ओढायची पिशवी शिवा. मांडवातल्या गालिच्यावर पेला रुततो आणि फुटत नाही, म्हणून खाली एक फूट चौरस शहाबादी फरशी ठेवा. टाचेने दाबायचे. नवरदेव मांडवात अनवाणी असतो, तेव्हा त्याचे बंद बूट करवल्यांच्या हाती न लागता फरशीशेजारीच ठेवलेले हवेत. पेल्याऐवजी सीएफएल दिवा कधीही नको, त्यात पारा असतो.

प्रश्न: मेंदीच्या दिवशी शंभर माणसांना मलिदा करायचा आहे. प्रमाण सांगा. आणि किद्दूशला (वाइनवर म्हणायच्या आशीर्वादाला) वाइन मिळत नाही, त्याचे काय?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: जाड पोहे ३ किलो, नारळ ९ (दोन जास्तीचे आणा), साखर दीड किलो, वेलची २५ ग्रॅम, बेदाणे, काजू आणि बदाम मिळून एक किलो. माणशी नव्वद-शंभर ग्रॅम येतो. पोहे चाळून, धुऊन, चाळणीत निथळत ठेवा. पाण्यात बुडवून ठेवले तर लगदा होतो. आपल्याकडे नारळ लांबून येतात, तेव्हा प्रत्येक नारळ वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या. एक खवट निघाला तर सगळी परात जाते. साखर अगदी शेवटी, वाढण्याआधी तासभर घाला, ती पाणी सोडते. ओला नारळ असल्याने चार तासांच्या आत संपवा.

सोबत पाच फळे ठेवतात. खजूर-सफरचंदासारख्या झाडाच्या फळांचा आशीर्वाद वेगळा, केळ्याचा वेगळा: केळे जमिनीच्या पिकात धरतात. म्हणून ताटात ती वेगवेगळी मांडली की म्हणणाऱ्याचा गोंधळ होत नाही. आशीर्वाद आणि एलियाहू हन्नबींचे (प्रेषित एलियांचे) गीत झाल्यावरच वाटप.

किद्दूशला बेने इस्राएल घरांतून काळ्या मनुकांचे सरबत चालत आले आहे. पाव किलो मनुका धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटे उकळा, कुस्करून दुहेरी मलमलीतून गाळा. साखर घालू नका. फ्रीजमध्ये दोन दिवस राहते. हुप्प्याखाली देताना पेला काठोकाठ भरू नका, वधूची साडी पांढरी असते आणि मनुकांचा डाग जात नाही.