नाशिकला पहिल्यांदा वायनरी बघायला जाताय? मग हे वाचा

सगळ्यात आधी सांगते, जानेवारी ते मार्चमध्येच जा, तेव्हा द्राक्षं काढायचं काम जोरात असतं आणि वायनरी खरी कळते, पावसाळ्यात हिरवंगार दिसतं पण वेलीवर घड नसतात. शनिवार-रविवार टाळा, सुला या वायनरीत एवढी गर्दी असते की गाईडला नीट काही विचारताच येत नाही. एका दिवसात दोनच वायनरी करा. सुला आणि यॉर्क दोन्ही गंगापूर धरणाजवळ आहेत, इगतपुरीकडून येणार असाल तर कावनईजवळची व्हॅलोने छोटी आणि शांत आहे, मला तीच जास्त आवडते.

आता पर्यावरणाचं, म्हणजे वायनरी ते खरंच जपते का हे कसं ओळखायचं. नुसती सोलर पॅनल बघून खूश होऊ नका हो, पाण्याचं विचारा. बागेत गेलात की वेलीच्या बुडाशी वाका, ठिबकची काळी नळी दिसेल, दोन ओळींमध्ये गवत राखलंय की तणनाशक मारून जमीन उघडी बोडकी केलीय तेही दिसेल, गवत असलं की माती धुपत नाही. टाक्या धुतलेलं पाणी कुठे जातं, रस काढल्यावर उरलेल्या चोथ्याचं खत करता का, हे बिनधास्त विचारा, जिथे खरंच काम चालतं तिथले लोक हौसेने दाखवतात.

टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखायला, शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनपासून सुरू करा, शिराझ ही लाल वाइन नंतर. आधी पोटभर जेवा, वय २१ पूर्ण हवं, आणि गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घ्यायचा नाही, त्यापेक्षा सरळ ड्रायव्हर करा.