आजोबांचा बंब आणि नातीची भरती

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. माझे वडील १९६९ साली मुंबईत बंबावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. २०२१ च्या पुरात बोटीतून माणसं काढताना पाहिल्यापासून मुलगी म्हणते, मला अग्निशमन दलातच जायचंय. वडील म्हणतात, ‘आता काय, सगळं मशीन करतं, खरी आग आम्ही विझवली.’ मला वाटतं, एवढं शिकून पुन्हा तिथेच जायचं? आणि मुलीच्या जातीला हे झेपेल का?
– एक पालक, चिपळूण

नमस्कार.

तुमचं आणि तुमच्या वडिलांचं म्हणणं उलट दिशेचं वाटतं, पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलीय, की नोकरी तीच आहे. दारावरची पाटी तीच आहे, एवढं मी मान्य करतो.

वडिलांच्या वेळी जळायचं काय? लाकडी जिने, कापूस, कापडाचे तागे, गोदामातली पोती. त्या पिढीतल्या काहींशी मी बोललोय. श्वसनयंत्रं मोजकी असायची, म्हणून ओला रुमाल नाकाला बांधून आत शिरायचं. घंटा वाजली की बंब निघायचा. आत काय आहे ते जाऊनच कळायचं. छाती मोठी लागायची, यात शंका नाही.

आज घरात जळतो तो फोमचा सोफा, प्लायवूड, प्लास्टिक, बॅटऱ्या. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षिततेच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन खोल्या पेटवून पाहिल्या, एक जुन्या पद्धतीच्या सामानाची आणि एक आजच्या. जुनी खोली पूर्ण भडकायला अर्धा तास लागला. आजची चार मिनिटांच्या आत भडकली. छताखाली साठलेला तापलेला धूर एका क्षणी पेटतो आणि खोलीतलं सगळं एकदम धरतं. त्या क्षणाच्या आधी धुराचा रंग, त्याचा वेग, दाराची उष्णता वाचता येणं, आणि दार उघडलं तर आत हवा जाऊन काय होईल हे समजणं, ही आजच्या फायरमनची खरी कसोटी. त्या धुरात सायनाइडसारखे वायू असतात. तिथे ओल्या रुमालाचा उपयोग नाही. पाठीवर हवेची टाकी घेऊन, तोंडावर मास्क लावून, समोर काही दिसत नसताना, टाकीत किती मिनिटं उरलीत याचा हिशेब ठेवत काम करायचं असतं.

म्हणून ‘मशीन सगळं करतं’ हे मला पटत नाही. २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली तेव्हा मुंबईच्या दलाने रोबो आणला होता. पण गच्चीवर अडकलेल्यांना शिडीने खाली घेतलं ते जवानांनीच. मुंबईकडे नव्वद मीटरपर्यंत पोचणारी हायड्रॉलिक शिडी आहे, म्हणजे साधारण तीस मजले. त्यापेक्षा उंच इमारतीत इमारतीचाच पंप, इमारतीचीच पाइपलाइन आणि इमारतीचीच फायर लिफ्ट यांच्यावर भिस्त. ते बंद असेल तर बाहेरचा बंब कितीही भारी असून काय उपयोग?

इथेच तुमच्या ‘एवढं शिकून’चं उत्तर आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आला. त्यामुळे इमारतीची यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी-जुलैत लिहून द्यावं लागतं. नकाशे तपासणं, पाण्याच्या दाबाचा हिशेब, इमारतीच्या अग्निसुरक्षेची तपासणी (फायर ऑडिट) हे सगळं आता याच क्षेत्राचं काम आहे. त्याला गणित लागतं, आणि ते तुमच्या मुलीकडे आहे.

त्यामुळे माझा पहिला सल्ला नागपूरचा. तिथे केंद्र सरकारचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे आणि बारावीनंतर फायर इंजिनिअरिंगची पदवी करता येते. मुलींचं म्हणाल, तर नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये तिथे दाखल झाल्या, त्या महाविद्यालयातली पहिली मुलगी. पुढे त्या ओएनजीसीत अग्निशमन अधिकारी झाल्या. मुंबईच्या दलातही २०१२ पासून महिला आहेत. दुसरा रस्ता मुंबईत कालिन्यातल्या महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या केंद्रातला सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम. पदवीनंतर तिथेच अधिकाऱ्यांचा एक वर्षाचा. पालिका, एमआयडीसी, विमानतळ, रिफायनऱ्या अशा ठिकाणी भरती होते. वय, उंची, डोळ्यांच्या अटी जाहिरातीगणिक बदलतात, तेव्हा ऐकीव माहितीवर विसंबू नका.

एक मात्र सांभाळा. ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’ अशी पाटी दिसली तर पैसे भरू नका. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अशा ठिकाणी घरचे साठ हजार घातले आणि भरतीच्या वेळी कळलं की ते प्रमाणपत्र धरत नाहीत.

झेपेल का, याचं उत्तर मैदानावर मिळेल. मुंबईच्या २०२३ च्या भरतीत महिलांना १६२ सेंटिमीटर उंचीची अट होती, आणि एकोणीस फुटांवरून खाली धरलेल्या जाळीत उडी मारायची होती. मुलगी आहे म्हणून ती उडी कोणी कमी केली नाही.

धोक्याबद्दल गोड बोलणार नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळा भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली आणि त्याच्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले. वडील दरवर्षी त्या दिवशी मानवंदनेला उभे राहिले असतील. जहाज बुडवायचं की बाहेर न्यायचं यावर घोळ चालला होता आणि जवान पाणी मारत राहिले. २०१५ मध्ये काळबादेवीला आग लागलेली इमारत कोसळली त्यात मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि त्यांचे तीन सहकारी अधिकारी गेले. म्हणजे पदवी घेऊन अधिकारी झालं की धोका टळला, असं नाही. शिवाय २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं कामच कर्करोगकारक ठरवलं. एकेकाळी काजळी लागलेलं हेल्मेट मिरवायचे. आता कॉलवरून आलं की गणवेश धुवायला टाका, अंघोळ करा, असं शिकवतात. मुलगी निघालीच तर ही सवय तिच्या हाडात भिनू दे.

वडिलांना नातीचं मास्तर करा. दोराच्या गाठी आजही त्यांच्या वेळच्याच आहेत, आणि अंधारात, हातमोजे घालून त्या मारायला त्यांच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?

तिला पोहता येतं का, हे पत्रात नव्हतं. वाशिष्ठीकाठची मुलगी आहे, येतच असेल. तरी विचारून कळवा.