घरी शिकणारी मुलं मी शेजारी बसल्याशिवाय अभ्यास करत नाहीत. त्यांना मोकळीक कशी द्यावी?

आमच्याकडेही हेच होतं. मुलगी अकराची, मुलगा आठचा, मुलुंडचं वन बीएचके. आईपासून लांब बसायला जागाच कुठे! शेवटी मीच उठले. दहा ते अकरा मी स्वयंपाकघरात. तेवढा वेळ हाक मारायची नाही, अडलेलं वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. पहिल्या आठवड्यात पानं भरली. पुढे मी वही उघडायच्या आत निम्मे प्रश्न त्यांनीच खोडलेले असायचे.

मग बाहेरचं. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जायचा बेत मुलीवर सोपवला: लोकल स्लो पकडायची की फास्ट, तिकीट किती, डबा काय. तिने बुधवार ठरवला. बुधवारी ते बंद असतं हे मला ठाऊक होतं, तरी गप्प बसले (फार जड गेलं हो). बंद दारासमोर तिचं तोंड एवढंसं झालं, पण आता कुठेही जायचं तर आधी वेळा तीच बघते.

धाकट्याला एवढं नका देऊ. दोनपैकी आधी कुठला विषय, इतकं पुरे.

परीक्षेची घाई नको. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्थेच्या) दहावीलाही चौदा वर्षं पूर्ण लागतात.