जुन्या शिळ्या जोकला इंग्रजीत 'जो मिलर' का म्हणायचे?

जो मिलर हा खरा माणूस होता, लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमधला विनोदी नट, १७३८ मध्ये वारला. गंमत म्हणजे त्याने स्वतः जोकबुक वगैरे काही लिहिलं नाही, उलट त्याला वाचताही यायचं नाही असं सांगतात. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी, म्हणजे १७३९ ला, जॉन मॉटली नावाच्या लेखकाने टोपणनावाने एक पुस्तक काढलं, 'जो मिलर्स जेस्ट्स', किंमत एक शिलिंग, आत २४७ विनोद, आणि त्यातले जेमतेम तीन खुद्द मिलरबद्दलचे! बाकी सगळा इकडून तिकडून गोळा केलेला माल, कॉपीराइटचं कुणाला पडलंय. पण नाव ओळखीचं म्हणून पुस्तक तुफान चाललं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि दर वेळी नवीन विनोद घुसवत गेले. मग लोकांना ते इतके पाठ झाले की कुणी जुना जोक मारला की समोरचा म्हणणार, हा तर जो मिलर!

त्यातला एक सांगतो. एक बाई म्हणते मी फक्त चाळीस वर्षांची आहे, खरं ना हो? ओळखीचा गृहस्थ म्हणतो, खरंच असणार बाईसाहेब, गेली दहा वर्षं तुमच्याच तोंडून ऐकतोय की.

हाच जोक आपल्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलेला तुम्ही पण वाचला असेल, पैज लावतो. पुस्तकातले सगळेच जोक एवढे सभ्य नाहीत हां, बरेचसे चावट आहेत, ते इथे नको.