तुरुंगावरच्या थ्रिलरमध्ये सगळ्या जातीधर्मांची पात्रं ठेवावीत का? की ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटतील?

तुरुंग दाखवणार असाल तर ती तिथे आहेतच, तुम्ही वेगळी कुठून आणणार? एक मुसलमान, एक दलित, एक सरदारजी अशी हजेरी घेतल्यासारखं वाटेल ही तुमची भीती मात्र रास्त आहे. गोष्टीत त्यांना काही कामच दिलेलं नसलं की तसं वाटतं.

मी नाशिकचा, घर जेलरोडला. (पत्ता सांगितला की नवखा माणूस एकदा तरी हसतोच.) काका कारागृह शिपाई होते, दोन-तीन जिल्ह्यांत नोकरी करून निवृत्त झाले. त्यांच्या शेजारी बसून तुरुंगाचा सिनेमा बघणं ही वेगळीच शिक्षा. मागे एकदा पडद्यावरची अख्खी बराक बंबइया बोलत होती. काका बशीतला चहा फुंकत म्हणाले, "सगळे एकाच नाक्यावरनं उचललेत का रे?" आमच्या एका जिल्ह्यात बघा ना. सुरगाण्याचा पोरगा कोकणा बोलीत बोलेल, सटाण्याचा अहिराणीत, मालेगावचा यंत्रमाग कामगार त्याच्या खास हिंदीत. काका म्हणायचे, नवीन कैदी आला की आधी कान देतो, आपल्यासारखं कोण बोलतंय ते बघतो आणि मगच अंथरूण टाकतो.

थ्रिलरवाल्याला याहून जास्त काय हवं? 'अ प्रॉफेट' हा २००९चा फ्रेंच सिनेमा बघा. त्यातला मलिक अरब वंशाचा, पण तुरुंगातल्या कॉर्सिकन (फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या) टोळीच्या हाताखाली राबतो. टोळीला तो अरब वाटतो आणि अरबांना टोळीचा माणूस. हा पठ्ठ्या गुपचूप टोळीची भाषा कानांनी उचलतो. पुढचा सगळा थरार त्याला काय काय समजतं यावर उभा आहे. मलिकला कुणीही गोरा पोरगा करून टाका, सिनेमाच उरत नाही.

आपल्याकडे तर जात हीच कथानकाची किल्ली ठरू शकते. 'जय भीम' या तमिळ सिनेमाची (२०२१) सुरुवात आठवा. तुरुंगातून सुटणाऱ्यांना दारातच जात विचारली जाते आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्यांना बाजूला काढून पुन्हा कुठल्या तरी केसमध्ये अडकवलं जातं. आत स्वयंपाक कोणी करायचा आणि झाडू कोणी मारायचा हे जातीवर ठरवणारे नियम कितीतरी राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत छापलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते ३ ऑक्टोबर २०२४ला रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. रकाना गेल्यावर पहिल्या सकाळी संडास साफ करायला कोण उठतं? माझ्या मते तुमचा पहिला सीन हाच.

आणि हिरो पक्का कैदीच कशाला हवा? देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालूच. जामीन मंजूर झालाय, पण सातबारावाला जामीनदार मिळत नाही, म्हणून पोरगा आतच. भिंतीला भोक पाडून पळण्यापेक्षा मला यात जास्त जीव टांगणीला लागलेला दिसतो. महिलांच्या बराकीकडे तर कुणाचा कॅमेराच वळत नाही. तिथे सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर राहतात, त्यांचा गुन्हा काहीच नसताना.

उत्तर लिहायच्या आधी तुमचा प्रश्न काकांना वाचून दाखवला. विविधता वगैरे त्यांनी सोडून दिलं. म्हणाले, "त्याला सांग, हिरोला तुरुंगात भेटायला कोण येतं ते आधी ठरव. सुरगाण्याहून आई येणार असेल तर एसटीचं भाडं आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. दर आठवड्याला नाही यायची ती."