भावाने माफी मागितलेली नाही, प्रभुभोजन घेऊ का?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात भावाने घर एकट्याच्या नावावर करून घेतलं. माफी तर सोडाच, बोलतही नाही. क्षमा करायची म्हणजे हक्क सोडायचा का? येत्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याचा विधी) आहे.

उत्तर : हक्क सोडलाच पाहिजे असं नाही. सोडायचा तो सूड (बायबल, रोम 12:19). मार्क 11:25 प्रमाणे प्रार्थनेला उभे राहाल तेव्हाच क्षमा करायची; समोरच्याच्या माफीची अट तिथे नाही. लूक 17:3 मध्ये पश्चात्तापाची अट आहे. पहिली गोष्ट तुमच्या मनातली, दुसरी नातं पुन्हा जुळण्याची. गल्लत इथेच होते.

प्रार्थनेत “सगळ्यांना क्षमा केली” असं मोघम म्हणू नका. भावाचं नाव घ्या, त्याने काय केलं ते सांगा. राग परत उसळेल, तेव्हा पुन्हा तेच करा.

मग मत्तय 18:15-17 चा क्रम : आधी दोघांतच बोलणं, नंतर एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी, म्हणजे चर्च. बहुतेक घरांत गाडी उलटी धावते. अख्ख्या मंडळीला कळतं आणि भावाला सगळ्यात शेवटी! कोर्टाची पायरी चढण्याआधी 1 करिंथ 6 वाचा, प्रेषित पौल तिथे चांगलाच कडक आहे.

प्रभुभोजन घ्या. मत्तय 5:23-24 प्रमाणे तुमच्याकडूनही त्याला काही लागलं असेल, तर रविवारआधीच फोन करा. त्याने उचलला नाही, तर तो दोष तुमचा नव्हे.

विश्वास मात्र लगेच टाकू नका. बायबलमधल्या योसेफाला भावांनीच विकलं होतं; पुढे त्याने त्यांना ओळख देण्याआधी धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून त्यांना पारखलं होतं.